करडईच्या काड्या, शेंगांची टरफले आणि इंधनवायू

मोडनिंब आणि एकंदर माढा तालुक्याचा परिसर मूळचा कोरडवाहू. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, कालवे आले आणि ऊस वाढला. तरीही ज्वारीच्या कडेने करडई पेरण्याची पद्धत, खरिपातला भुईमूग, सूर्यफूल आणि अलीकडे सोयाबीन ही तेलबियांची पिके आपल्या भागाला परकी नाहीत. बी तेलासाठी जाते, पेंड जनावराला जाते. उरते ते काय? करडईच्या काटेरी काड्या, सूर्यफुलाचे जाड दांडे, शेंगांची टरफले, तिळाच्या काड्या. हे सर्व आपल्याकडे एकतर चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवून दिले जाते.

या काड्या-टरफलांपासून उष्णता आणि वाफेच्या साहाय्याने जळणारा वायू तयार करता येतो. ही कल्पना नवी नाही, तिचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. हा वायू कसा तयार होतो, तो कोठे उपयोगी पडतो, कोठे फसतो आणि त्याचा आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांशी काय संबंध आहे, याची माहिती समाजबांधवांना व विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टाकाऊ म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतातून निघालेली प्रत्येक काडी टाकाऊ नसते. ज्वारीचा कडबा हा चारा आहे, तो जाळण्याचा विचारही कोणी करणार नाही. शेंगदाण्याची, सरकीची, करडईची पेंड हे पशुखाद्य आहे. एरंडी, करंज, निंबोळी यांची पेंड जनावर खात नाही, पण ती उत्तम खत आहे. सोयाबीनचे भुसकट काही प्रमाणात जनावरांना घातले जाते. भुईमुगाचा पाला तर शेळ्या-गुरांचे आवडते खाद्य आहे.

मग इंधनवायूसाठी उरतात त्या मुख्यतः तीन वस्तू. पहिली करडईची काडी. ती काटेरी आणि कडक असल्याने जनावर तिला तोंड लावत नाही. दुसरी सूर्यफुलाचा दांडा आणि तिसरी भुईमुगाचे टरफल. शंभर किलो वाळलेल्या शेंगा फोडल्या तर साधारण पंचवीस ते तीस किलो टरफल निघते. सोलापूरची शेंगाचटणी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे, पण त्या चटणीमागे टरफलांचे केवढे ढीग उभे राहतात याचा विचार आपण सहसा करीत नाही.

करडईच्या बाबतीत सोलापूरचे स्थान मोठे आहे. १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले, आणि पुढे महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या करडई संशोधनाचेही सोलापूर हेच केंद्र झाले. ‘भीमा’ हा करडईचा वाण येथूनच शेतकऱ्यांकडे गेला. असे असूनही गेल्या काही दशकांत करडईचे क्षेत्र फार घटले. त्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण काढणीचे आहे. काटे टोचू नयेत म्हणून पहाटे दव असताना हाताला फडकी गुंडाळून बायका करडई काढतात. काडीला काही मोल आले तर या पिकाला थोडा आधार मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे.

हा गोबरगॅस नव्हे

गोबरगॅस आपल्या परिचयाचा आहे. त्यात शेण व पाणी यांचे मिश्रण बंद टाकीत कुजते. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीवाणू त्यातून मिथेन वायू तयार करतात. त्याला उष्णता द्यावी लागत नाही, मात्र दिवस लागतात.

करडईची काडी किंवा शेंगेचे टरफल या टाकीत टाकले तर फारसे काही होत नाही. कारण त्यात लिग्निन नावाचा कठीण घटक असतो. झाडाला ताठपणा देणारा तो हाच. जीवाणूंना तो सहज पचत नाही. जे जीवाणूंना जमत नाही ते उष्णता करते, आणि तेही काही मिनिटांत. म्हणून ओल्या, मऊ पदार्थांसाठी गोबरगॅस आणि कोरड्या, कडक पदार्थांसाठी उष्णतेचा मार्ग, अशी ही सरळ वाटणी आहे.

जाळणे वेगळे, वायू करणे वेगळे

विद्यार्थी मित्रांनी काडेपेटीतील एक काडी पेटवून नीट पाहावी. ज्योत लाकडाला अगदी चिकटलेली नसते, लाकूड आणि ज्योत यांच्यामध्ये बारीकशी फट दिसते. कारण उघड आहे. लाकूड स्वतः पेटत नसते. ते तापून त्यातून जो वायू बाहेर पडतो तो पेटतो. ज्योत पुढे सरकली की मागे काळा कोळसा उरतो. म्हणजे प्रत्येक चुलीत वायू तयार होतच असतो, फक्त तो तेथल्या तेथे, अर्धवट आणि धूर करीत जळतो.

गॅसिफायर म्हणजे वायू तयार करणारी भट्टी. ही भट्टी हीच क्रिया दोन भागांत तोडते. वायू एका जागी तयार करायचा आणि पाहिजे तेथे नेऊन दुसऱ्या जागी जाळायचा. यासाठी युक्ती एकच, हवा मोजून द्यायची. एक किलो कोरडी काडी पूर्ण जाळायला साधारण सहा किलो हवा लागते. गॅसिफायरमध्ये दीड ते दोन किलोच हवा सोडली जाते. त्यामुळे काडीचा थोडा भाग जळतो आणि त्या उष्णतेवर उरलेला भाग वायूत बदलतो.

भट्टीच्या आत चार टप्पे घडतात. पहिला टप्पा वाळण्याचा. शंभर-दीडशे अंश सेल्सिअसपर्यंत काडीतील ओल वाफ होऊन निघते. दुसरा टप्पा भाजण्याचा. साधारण दोनशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान काडीचे विघटन होऊन वायू, डांबरासारखी वाफ आणि कोळसा असे तीन भाग होतात. तिसरा टप्पा ज्वलनाचा. येथे मोजकी हवा मिळते आणि उष्णता हजार-बाराशे अंशांपर्यंत चढते. चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, त्याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. ज्वलनात तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे दोन्ही न जळणारे वायू लालभडक कोळशावरून जातात. कोळसा त्यांच्यातील ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे दोन जळणारे वायू मागे उरतात.

अशा रीतीने हवेवर चालणाऱ्या भट्टीतून जो वायू निघतो त्याला उत्पादक वायू किंवा प्रोड्यूसर गॅस म्हणतात. त्यात साधारणपणे कार्बन मोनॉक्साइड १८ ते २२ टक्के, हायड्रोजन १५ ते २० टक्के, मिथेन १ ते ३ टक्के आणि कार्बन डाय-ऑक्साइड १० टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला निम्मा भाग नायट्रोजनचा. हा नायट्रोजन हवेतून येतो आणि काही काम न करता वायूला पातळ करतो. दुधात पाणी पडावे तसा हा प्रकार आहे.

वाफेचे काम

आता वाफेकडे वळू. कुर्डुवाडी ते पंढरपूर या मार्गावर १९०६ पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आपल्या मोडनिंबवरून जात असे. आता तो मार्ग रुंद झाला आहे. त्या जुन्या इंजिनात वाफ दट्ट्या ढकलण्याचे काम करी. वाफ आत वाफ म्हणून जाई आणि बाहेरही वाफ म्हणूनच पडे. गॅसिफायरमधील वाफ मात्र स्वतः फुटते. लाल कोळशावर वाफ सोडली की पाण्याचा रेणू तुटतो. त्यातील ऑक्सिजन कोळशाशी जोडला जातो आणि हायड्रोजन मोकळा होतो. कोळशावर वाफ सोडून मिळणाऱ्या या वायूला वॉटर गॅस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शहरांना दिवाबत्तीसाठी हा वायू पुरवला जात असे.

याचा अर्थ पाणी जळते असा मात्र कोणी घेऊ नये. पाण्याचा रेणू तोडायला उष्णता खर्च होते. ती उष्णता काडीतूनच यावी लागते. वाफ जास्त झाली की कोळसा थंड पडतो आणि वायू बनणेच थांबते. ओल्या काडीने भट्टी का बसते याचेही हेच कारण आहे. काडीतील ओल पंधरा टक्क्यांच्या आत असावी, असे यासाठीच सांगतात.

वाफेचे तीन फायदे आहेत. एक, वायूत हायड्रोजन वाढतो. दोन, हवेऐवजी केवळ वाफ वापरली तर नायट्रोजन येतच नाही, त्यामुळे वायू दुप्पट-तिप्पट कसदार होतो. तीन, भट्टीचे तापमान आटोक्यात राहते. हा तिसरा फायदा शेतातील काड्यांसाठी मोलाचा आहे. काड्यांच्या राखेत पोटॅशचे क्षार आणि मातीतली वाळू असते. फार तापले की ती राख वितळते आणि वीटभट्टीत खंगर तयार होतो तसा दगड होऊन जाळीवर बसते. थोडी वाफ सोडल्यास हे टळते.

केवळ वाफेवर भट्टी चालवायची तर उष्णता बाहेरून पुरवावी लागते. ऑस्ट्रियातील ग्युसिंग या छोट्या गावी २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात यासाठी दोन कप्पे होते. एका कप्प्यात कोळसा जाळून वाळू तापवायची, ती तापलेली वाळू दुसऱ्या कप्प्यात न्यायची आणि तेथे लाकडाच्या तुकड्यांवर वाफ सोडायची. खापरात वाळू तापवून त्यात चुरमुरे फोडणाऱ्या आपल्या भडभुंज्याला ही युक्ती नवी वाटणार नाही. तेथेही उष्णता वाहून नेण्याचे काम वाळूच करते. ग्युसिंगचा प्रकल्प चांगला चालला, परंतु वीजदरातील सवलतीची मुदत संपल्यावर २०१६ मध्ये तो बंद झाला.

आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ऑक्सिजन आणि वाफ या दोहोंचा वापर करून जैविक अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याची पद्धत विकसित केली. २०२२ मध्ये संस्थेने दिलेल्या माहितीनुसार १ किलो अवशेषापासून सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. विशेष म्हणजे त्या एक किलोत मुळात सुमारे ६० ग्रॅमच हायड्रोजन असतो. उरलेला चाळीस ग्रॅम कोठून आला? तो वाफेतून आला. वाफेचे काम काय, या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर सापडणार नाही.

हिशेब किती बसतो?

आता आपल्या वापरातील साधा हिशेब पाहू. एक किलो कोरड्या काडीत साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. हवेवर चालणाऱ्या भट्टीत तिच्यापासून सुमारे अडीच घनमीटर वायू मिळतो. त्या वायूच्या एका घनमीटरची उष्णता हजार ते बाराशे किलोकॅलरी असते. म्हणजे काडीतील सुमारे सत्तर टक्के उष्णता वायूत उतरते.

घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्याची एकूण उष्णता दीड लाख किलोकॅलरींच्या थोडी वर भरते. तेवढी उष्णता देण्यास साधारण ५५ ते ६० किलो कोरड्या काड्या किंवा टरफले लागतील. एक लिटर डिझेलची बरोबरी तीन ते साडेतीन किलो काड्या करतील. याउलट साध्या तीन दगडांच्या चुलीत काडीतील उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागते, बाकीची धुराबरोबर आणि आजूबाजूला जाते.

कागदावर हा हिशेब फार आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात काय घडले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

फलटणचे काम

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. करडईच्या संशोधनात या संस्थेचे नाव आहे. तिने बिनकाट्यांच्या करडईचे वाणही दिले. याच संस्थेत अमेरिकेतून परतलेले अभियंते अनिल राजवंशी १९८१ पासून ग्रामीण ऊर्जेवर काम करू लागले.

फलटणच्या मंडळींनी गॅसिफायरसाठी करडई नव्हे, तर उसाचे पाचट व बगॅस निवडले. कारण त्या भागात पाचट अमाप आणि ते शेतातच जाळले जाई. पण त्यांच्यापुढील अडचण आपल्या काड्या-टरफलांसारखीच होती, हलका माल. पोतेभर टरफलांचे वजन किती भरते हे आपण जाणतोच. हलका माल भट्टीत नीट खाली सरकत नाही, मध्येच कमान धरून अडकतो आणि खाली पोकळी पडते. त्यासाठी त्यांनी अशा मालाला चालेल अशी भट्टी तयार केली. राजवंशी व जोरापूर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार ही भट्टी सातशे तासांहून अधिक चालवून पाहिली गेली. वायूची उष्णता प्रति घनमीटर सुमारे ८५० ते ११५० किलोकॅलरी भरली. शिवाय मूळ मालाच्या सुमारे २४ टक्के कोळसा मिळाला, त्याच्या कांड्या करून तोही इंधन म्हणून वापरता येतो. पुढे ही भट्टी एका कारखान्यात तेलावर चालणाऱ्या भाजणीच्या भट्टीला जोडली गेली. केवळ या वायूवर भाजलेला माल तेलावर भाजलेल्या मालाच्या तोडीचा निघाला.

या कामातून एक धडा मिळतो. शेतातील हलक्या अवशेषांचा वायू उष्णतेसाठी, म्हणजे भट्टी, बॉयलर, वाळवणी यांसाठी, निश्चित चालतो.

इंजिन की भट्टी?

वायू निघाला म्हणजे त्यावर इंजिन चालवून वीज करावी, असे सर्वांनाच वाटते. ते अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती तेव्हा युरोपात आणि आपल्या देशातही लाकडी कोळशाच्या वायूवर मोटारगाड्या धावल्या. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या खेड्यात १९८८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेने लाकडाच्या वायूवर गावाला दिवे व पाणी दिले. बिहारमध्ये पश्चिम चंपारण जिल्ह्यात हस्क पॉवर या कंपनीने २००७ पासून भाताच्या तुसावर गावांना वीज दिली. पुढे तिचा भर सौर ऊर्जेकडे वळला.

इंजिनाची खरी अडचण डांबर ही आहे. भाजण्याच्या टप्प्यात निघालेली डांबरी वाफ थंड झाली की चिकट होते आणि इंजिनाच्या झडपांवर बसते. म्हणून वायू पाण्याने धुवावा लागतो, गाळावा लागतो. धुतलेले पाणी काळे, उग्र वासाचे आणि विषारी असते. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडले तर एक प्रश्न सोडवताना दुसरा निर्माण होतो. गाळणी रोज साफ करणारा माणूस हवा. तो एक महिना आला नाही की यंत्र बंद पडते आणि पुढे गंजते.

भट्टीत ही अडचण येत नाही. वायू गरम असतानाच थेट जाळला की डांबरही ज्योतीत जळून जाते आणि त्याची उष्णताही मिळते. म्हणून आपल्या भागात या वायूला योग्य जागा कोणती, असे विचारल्यास उत्तर असे की पंढरपुरातील चुरमुऱ्या-लाह्यांच्या भट्ट्या, सोलापुरातील सूत रंगवण्याचे कारखाने, पुणे-सोलापूर रस्त्यावरील खानावळी, गुऱ्हाळे. दिव्यासाठी आता सौर पाट्या स्वस्त झाल्या आहेत. काडीचा वायू उष्णतेसाठी राखावा, हे शहाणपणाचे.

चार लाख शेगड्यांची गोष्ट

घरगुती चुलीसाठीही हेच शास्त्र वापरले गेले. भारतीय विज्ञान संस्था आणि बीपी या तेल कंपनीने मिळून ‘ऊर्जा’ नावाची शेगडी तयार केली आणि २००६ मध्ये ती बाजारात आली. तिच्यात शेंगांची टरफले, बगॅस अशा अवशेषांच्या दाबून केलेल्या गोळ्या घालत. छोटा पंखा खालून थोडी हवा देई, त्यामुळे वायू तयार होई. वरच्या छिद्रांतून आणखी हवा मिळून तो वायू जवळजवळ धुराशिवाय जळे. थोडक्यात ती स्वयंपाकघरातील गॅसिफायरच होती. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडूमध्ये मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या.

पुढे काय झाले? शेगडी वाईट नव्हती. पण तिच्या गोळ्यांचा कच्चा माल, म्हणजे टरफले आणि बगॅस, कारखान्यांनाही बॉयलरसाठी हवा होता. मागणी वाढली, भाव वाढले, गोळ्या महागल्या. ज्या गृहिणीला पूर्वी सरपण फुकट मिळत होते तिला वाढत्या भावाची गोळी परवडेना. बहुतेक घरांतून ती शेगडी कोपऱ्यात गेली आणि कंपनीने आपले लक्ष हॉटेले व मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळवले.

ही गोष्ट सविस्तर सांगण्याचे कारण असे की तिच्यात यंत्राचा दोष फारसा नव्हता. काडीला बाजारभाव आला आणि तो भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला.

काडी कोणाची?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. करडई निघाल्यावर शेतात पडलेल्या काड्या आज कोण नेते? ज्यांना स्वतःचे शेत नाही अशा घरांतील बायका नेतात. काढणीला जायचे आणि येताना डोक्यावर काड्यांची मोळी आणायची, ही पद्धत आपल्यापैकी अनेकांच्या आई-आजीने पाळली आहे. मालक हरकत घेत नाही, कारण त्याला त्या काडीचा उपयोग नसतो. ही काडी मजुरीचाच एक न लिहिलेला भाग आहे.

उद्या याच काडीला किलोमागे रुपये मिळू लागले तर मालक ती नेऊ देईल काय? हा प्रश्न कल्पनेतला नाही. दगडी कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के जैविक गोळ्या मिसळाव्यात, असे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. आपल्याच जिल्ह्यात फताटेवाडी-आहेरवाडीजवळ १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. अशा मोठ्या गिऱ्हाइकासमोर मोळीवाल्या बाईचा आवाज किती पोचणार?

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ती मोळी फुकट असली तरी तिची किंमत डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी चुकती केली जाते. काड्यांच्या धुराने खोकला, दमा, डोळ्यांचे विकार होतात. लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत अनेक घरांत सिलिंडर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पुन्हा भरून आणण्याचे पैसे नसले की चूल पेटतेच. म्हणून काड्या गोळा करण्याची पद्धत जशीच्या तशी राहावी असे म्हणणेही बरोबर नाही.

आपले म्हणणे एवढेच असावे की काडीपासून वायू, गोळ्या किंवा वीज करण्याची कोणतीही योजना गावात आली तर तीन गोष्टी आधी ठरवाव्यात. पहिली, गोळा करणाऱ्यांना वजनावर रोख दर मिळावा आणि तो बचत गटामार्फत, उघडपणे मिळावा. दुसरी, शेतातील सर्व काडी उचलू नये. निदान काही वाटा जमिनीत कुजू द्यावा आणि भट्टीची राख शेताला परत द्यावी. कोरडवाहू जमिनीचा कस सेंद्रिय अंशावर टिकतो आणि राखेत पोटॅश असते. तिसरी, जी घरे आज या सरपणावर जगतात त्यांच्या चुलीची सोय प्रथम व्हावी, विक्री नंतर. ग्रामसभेत हे तीन प्रश्न विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. मात्र विषय समजलेला असला पाहिजे.

धोका आणि दक्षता

या वायूबद्दल एक इशारा दिल्यावाचून लेख पूर्ण होणार नाही. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो प्राणघातक आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपलेली माणसे उठत नाहीत ती याच वायूमुळे. म्हणून गॅसिफायर नेहमी उघड्या शेडमध्ये असावा. पेटवताना आणि विझवताना जवळ वाकू नये. डोके दुखू लागले, मळमळले तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. भट्टी विझल्यावर लगेच झाकण उघडू नये, आत हवा शिरून उरलेला वायू भडकू शकतो. डबा-पत्रा जोडून घरी प्रयोग करण्याचा मोह विद्यार्थ्यांनी कटाक्षाने टाळावा.

विद्यार्थ्यांसाठी

शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि खिडक्या उघड्या ठेवून एक छोटा प्रयोग करता येईल. कठीण काचेच्या परीक्षानळीत शेंगेच्या टरफलाचे तुकडे घालावेत, तोंडाला बारीक नळीचे बूच बसवावे आणि परीक्षानळी तापवावी. प्रथम नळीच्या कडेला पाण्याचे थेंब जमतील, मग पिवळसर धूर येईल. त्या धुराला जळती काडी लावली की तो पेटतो. नळीत शेवटी कोळसा उरतो आणि काचेवर तपकिरी चिकट थर बसतो, तेच डांबर. भट्टीतील पहिले दोन टप्पे डोळ्यांसमोर दिसतात.

याहून मोठे काम गावात करण्यासारखे आहे. आपल्या गावात करडई, भुईमूग, सूर्यफूल, सोयाबीन किती एकरांवर आहे, त्यांच्या काड्या-टरफलांचे आज काय होते, त्या कोण नेते, किती दिवसांचे सरपण होते आणि कोणत्या भट्टीला वर्षाला किती लाकूड लागते याची नोंद वहीत करावी. दहावी-अकरावीच्या मुला-मुलींनी एका उन्हाळी सुटीत हे सहज होईल. करडई मार्चपर्यंत निघते, तेव्हा पाहणी तेव्हापासूनच सुरू करावी. मोळी आणणाऱ्या बायकांनाही विचारावे, कारण कोणती काडी कशी जळते, कोणती धूर करते, कोणती लवकर विझते याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणत्याही कचेरीत नाही.

यंत्र विकणारा गावात येईल तेव्हा त्याच्या कागदावर आकडे असतील. आपल्या वहीतही आकडे असले तर बोलणे बरोबरीने होते. काडीचा वायू होतो, हे शास्त्राने दाखवून दिले आहे. त्या वायूची ऊब कोणाच्या घरी पोचणार, हे मात्र आपल्याला बसून ठरवावे लागेल.